मालवाहू ट्रकच्या अपघातातील मृत्यू : कायदेशीर दायित्व

मालवाहू ट्रकच्या अपघातात माणूस दगावल्यास शिक्षा कोणाला व्हावी आणि मृताच्या वारसांना भरपाई कोणी द्यावी, हे ठरविण्याची भारतीय कायद्यातील रीत. हे दोन प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी चालतात. फौजदारी खटला बहुधा एकट्या चालकावर भरला जातो व त्यात हलगर्जीपणा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भरपाईचा दावा मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ खालील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि तेथे कोणाची हकीकत अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जात असल्याने, चालक निर्दोष सुटला तरी वारसांचा दावा आपोआप बुडत नाही.

नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीचा भार मालकाने उचलावा, या तत्त्वाला प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. मालक कोण, हे ट्रकच्या बाबतीत सहज कळत नाही, कारण जुना ट्रक दोन-तीन हातांतून फिरतो आणि आरसी बुकावर नाव मूळ मालकाचेच राहते. ‘नवीनकुमार वि. विजयकुमार’ (२०१८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असा निर्णय दिला. शोकात बुडालेल्या कुटुंबाला विक्रीची साखळी शोधत हिंडावे लागू नये, हा त्यामागील विचार सर्वस्वी न्याय्य आहे.

प्रत्यक्षात पैसे बहुधा विमा कंपनी देते, कारण वाहनामुळे इतरांना होणाऱ्या हानीचा, म्हणजे त्रयस्थ पक्षाचा, विमा सक्तीचा आहे. चालकाकडे योग्य लायसन्स नव्हते एवढ्यावर कंपनीची सुटका होत नाही; मालकाने त्याबाबत हयगय केली हे तिला सिद्ध करावे लागते (स्वरणसिंग प्रकरण, २००४), आणि अट मोडल्याचे ठरले तरी, आधी वारसांना रक्कम द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश अनेकदा होतो. भरपाई मोजण्याची पद्धत ‘सरला वर्मा’ (२००९) व ‘प्रणय सेठी’ (२०१७) या निवाड्यांनी घालून दिली. पस्तीस वर्षांचा, महिना १५,००० रुपये मिळविणारा गवंडी पत्नी व दोन मुले मागे ठेवून गेला, तर १,८०,००० रुपयांच्या वार्षिक उत्पन्नात भावी वाढीचे ४० टक्के मिळवून, त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करून, उरलेल्या १,६८,००० रुपयांना वयानुसार ठरलेल्या १६ या गुणकाने गुणतात. मुख्य रक्कम २६,८८,००० रुपये होते.

दोष ठरविताना पंचनामा, घटनास्थळाचा नकाशा, टायरच्या खुणा व वाहन निरीक्षकाचा अहवाल पाहिला जातो. रात्री दिवे न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या वाहनावर मागून कोणी आदळल्यास, मृताचाही काही दोष होता, म्हणजेच अंशदायी निष्काळजीपणा होता, असा बचाव हमखास घेतला जातो. परंतु ‘अर्चित सैनी’ (२०१८) या प्रकरणात रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळली असता सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची निम्मी वाटणी रद्द करून दोष टँकरच्याच माथी ठेवला.

या चौकटीत चालकाच्या थकव्याचा व ट्रकमधील जादा मालाचा विचार फारच अपुरा होतो. २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ चालकाचे काम दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांवर रोखत असे, पण तो पाच वा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू असल्याने एक-दोन ट्रकच्या मालकाकडील चालक त्याबाहेर राहत असे. खेप किती तासांत पोचावी हे ठरविणारा माल पाठवणारा तर दाव्यात क्वचितच पक्षकार असतो.

याहून मोठी उणीव ट्रकमध्ये बसलेल्या माणसांबाबत आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सक्तीच्या विम्यात आला. मात्र ‘आशा रानी’ (२००३) निवाड्यानुसार फुकट बसलेल्या इतर प्रवाशांसाठी विमा कंपनी बांधील नाही. मराठवाड्यातून साखर कारखान्यांकडे ट्रकमधून जाणाऱ्या ऊसतोड टोळीतील कोणी मेल्यास, तो मालासोबतचा, नोकर की नुसता प्रवासी, यावरच सारे अवलंबून राहते; तो प्रवासी ठरला तर वारसांना पैसे ट्रकमालकाकडेच मागावे लागतात, आणि पुष्कळदा त्याची सारी मालमत्ता म्हणजे कर्जावर घेतलेला तोच ट्रक असतो.