शालेय परिचारिका व नॅलॉक्झोन कायदा
अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचा २०१८ चा कायदा. नववी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळांना ओपिऑइडवरील उताऱ्याचा साठा ठेवणे त्याने बंधनकारक केले. आणीबाणीत तो देण्याची मुभा शालेय परिचारिका व प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना मिळाली. हेरॉइन, फेंटानिल यांसारख्या ओपिऑइडच्या अतिमात्रेने श्वास मंदावतो आणि प्राणवायूअभावी मेंदू काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो. नाकात फवारलेले नॅलॉक्झोन हे उताऱ्याचे औषध ओपिऑइडचा परिणाम रोखून श्वास पूर्ववत करते. मात्र त्याचा प्रभाव साधारण ३० ते ९० मिनिटेच टिकतो, म्हणून रुग्णवाहिका बोलवावीच लागते. सद्हेतूने उपचार करणाऱ्यास दिलेले कायदेशीर संरक्षण ही यातील सर्वांत मोलाची तरतूद. खटल्याच्या धास्तीने हात आखडला तर मूल दगावू शकते. २०२३ पासून अमेरिकेत नॅलॉक्झोनचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी आहे.