उन्हाचे नाव, वाऱ्याचे काम

होळीची राख थंड होते न होते तोच ज्या कारभाराला महाराष्ट्रातील घराघरांत प्रारंभ होई आणि मृग नक्षत्र लागले, म्हणजे जूनची सातवी तारीख उजाडली, की ज्याचा हिशेब आपोआप बंद होई, त्या वाळवणाच्या कारभाराला इतिहासाच्या पोथ्यांत जागा मिळाली नाही, यात नवल काहीच नाही. बखरी लढायांच्या, तहांच्या आणि मसलतींच्या. अंगणात जुन्या धोतरावर पसरलेल्या कुरडयांची त्यांना काय मातब्बरी? परंतु कागदाने जे टिपले नाही ते भाषेने जपून ठेवले आहे. ‘बेगमी’ हा फारसी वळणाचा शब्द आपण पावसाळ्याच्या तरतुदीसाठी आजही वापरतो, आणि कोकणात पर्जन्यारंभाला ‘आगोट’ म्हणतात, तिच्यापूर्वीच्या खरेदीला व साठवणीला ‘आगोटीची तयारी’ म्हणतात. ज्या समाजाने एका ऋतूच्या धास्तीसाठी इतके स्वतंत्र शब्द राखले, त्या समाजात वाळवण ही जिभेची हौस नसून निर्वाहाची तजवीज होती, हे वेगळे सिद्ध करावयास नको.

ती तजवीज कशासाठी होती, हे पावसाळ्याचे जुने स्वरूप ध्यानी आणले म्हणजे उमगते. घाटातल्या वाटा चिखलाने बंद, ओढ्यांना उतार नाही, आठवड्याचा बाजार भरेल की नाही याची शाश्वती नाही, आणि समुद्रकाठी तर ज्येष्ठात किनाऱ्यावर ओढलेली होडी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून पुन्हा पाण्यात लोटावयाची नाही, असा दंडक. शिवकालीन अठरा कारखान्यांत अंबरखान्याची गणना होती. पन्हाळ्यावर गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची प्रचंड धान्यकोठारे अजून उभी आहेत. गडासाठी राज्य जो बंदोबस्त करी, तोच घरासाठी गृहिणी करीत असे. तिचा अंबरखाना म्हणजे माजघरातील उतरंड आणि फळीवरचे पत्र्याचे डबे, एवढाच काय तो भेद.

या कारभाराचा क्रम ठरलेला असे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, चौथ्या दिवशी ते वाटून, गाळून चीक खाली बसू द्यावयाचा, वरचे पाणी ओतून टाकून तो हिंग-मीठ घालून शिजवावयाचा, आणि हे सारे अशा बेताने की सूर्य वर येता येता सोऱ्यातून पहिली कुरडई पडली पाहिजे. कारण संध्याकाळपर्यंतचे संपूर्ण ऊन पहिल्याच दिवशी मिळाले नाही तर जिन्नस आंबतो. उडदाचे पापड ही एकटीदुकटीची गोष्ट नव्हे. शेतात जशी इर्जिक, तशी आळीतल्या बायकांची पोळपाट-लाटणी आज या घरी तर उद्या त्या घरी जमत. गरम चिकावर आणि तेलात बुडविलेल्या लाट्यांवर मुलांचा वतनदारासारखा हक्क असे, आणि त्याच्या मोबदल्यात कावळे हाकलण्याची चाकरी त्यांच्याकडे असे.

ही परंपरा अनादि आहे असे मात्र कोणी समजू नये. दह्या-ताकात मुरवून वाळविलेली सांडगी मिरची आज कितीही अस्सल देशी वाटली, तरी मिरची या भूमीत आणली ती पोर्तुगिजांनी, त्यामुळे सोळाव्या शतकापूर्वी तिचे अस्तित्व संभवतच नाही. उपासाच्या किसातील बटाट्याचे तर नावच पोर्तुगीज आहे. आणि साबुदाण्याच्या पापड्या सर्वसामान्य घरांत सुलभ झाल्या त्या सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभा राहिल्यानंतर. नव्या जिनसाला जुन्या पद्धतीत बसवून घेण्याची ही हातोटीच या प्रथेच्या दीर्घायुष्याचे कारण असावी; म्हणूनच अलीकडे काही स्वयंपाकघरांत विजेवर चालणारी निर्जलीकरणाची पेटी दिसू लागली आहे, तिच्याकडेही उपरी म्हणून पाहण्याचे कारण नाही.

मात्र त्या पेटीचे मर्म समजावयाचे असेल, तर वाळवणाविषयीचा एक रूढ समज प्रथम दूर सारला पाहिजे. आपण श्रेय देतो ते उन्हाला. परंतु जुन्या पद्धती जरा बारकाईने पाहिल्या, तर खरे काम बहुतेक ठिकाणी वारा करीत असल्याचे आढळते. उडदाचा पापड रणरणत्या उन्हात टाकला तर वाकडा होतो व तडकतो, म्हणून जाणती गृहिणी तो सावलीतच वाळवी. सातपाटी, अर्नाळा, वर्सोवा येथील कोळीवाड्यांत बोंबील वाळूवर पसरीत नाहीत. ज्या मासळीत दहा भागांपैकी साडेआठ-नऊ भाग पाणीच, ती जमिनीलगत ठेवली तर वाळण्यापूर्वी नासेल, म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूंच्या वलांडीवर ताणलेल्या दोरीवर टांगतात, जेणेकरून समुद्रावरचा वारा चहूबाजूंनी फिरावा. आमसुलांची तऱ्हा आणखी निराळी: रातांब्याची साले एका दिवसात कडक करण्याऐवजी त्यांना त्यांच्याच मीठ घातलेल्या रसाची पुटे देत, पुन्हा पुन्हा भिजवीत आणि सुकवीत नेतात, घाईने वाळविलेले आमसूल काळेभोर आणि मांसल होत नाही.

या वायुप्रधान पद्धतीचे भव्य रूप पाहावयाचे तर दृष्टी अफगाणिस्तानाकडे वळवावी लागते. कंदाहार आणि हेरात या प्रांतांत द्राक्षे वाळविण्यासाठी मातीच्या विटांच्या, भिंतींना शेकडो झरोके ठेवलेल्या कोठड्या बांधतात. त्यांना ‘किशमिशखाना’ म्हणतात. आत ऊन शिरत नाही, वारा तेवढा खेळतो, आणि म्हणूनच मनुका हिरवा राहतो. आमच्याकडे तासगाव आणि सांगलीच्या परिसरात बेदाण्याचा जो व्यवसाय फोफावला, त्याच्या बहुमजली जाळ्यांच्या शेड या त्या किशमिशखान्याचीच दूरची भाचरे म्हणावयास हरकत नाही. थॉम्पसन सीडलेस जातीची द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि विशिष्ट तेल यांच्या द्रावणात काही मिनिटे बुडवितात, तेव्हा सालीवरील मेणाचा लेप सैल होऊन आतील पाण्याला वाट मिळते. भूमध्य समुद्राकाठचे द्राक्षकार हेच काम प्राचीन काळापासून राखेच्या खारात तेल मिसळून करीत आले. पुढे सावलीत सुमारे १२ ते १५ दिवस गेले म्हणजे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा हाती येतो.

वारा हवा हे खरे, पण तो तहानलेला हवा. आणि पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावरचा वारा पाणी पिऊन तृप्त असतो. या अडचणीशी मराठी मुलखात झालेल्या झटापटीचा एक प्रसंग संस्मरणीय आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात ७ गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास प्रारंभ केला. त्यातूनच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था विस्तारली. परंतु पहिल्याच वर्षी आषाढ-श्रावणाने त्यांचा हात धरला आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह, आणि बाहेर मुसळधार पाऊस. निर्जलीकरणाच्या यंत्राची समग्र कल्पना त्या खाटेत सामावलेली होती.

त्यामागचे गणित साधे आहे. जुलै महिन्यातील २८ अंश सेल्सिअस तपमानाची, ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा तशीच ५५ अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यातील बाष्प जेवढ्यास तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे २२ टक्क्यांवर उतरते. म्हणजे तीच ओली हवा पुन्हा तहानलेली होते. आधुनिक पेटीत स्टोव्हच्या जागी विजेची तार आणि खाटेच्या जागी जाळीची तबके असतात. भर पडली आहे ती पंख्याची, म्हणजे वलांडीवरच्या वाऱ्याची.

साहजिकच या पेटीचे नियमही जुनेच निघतात. नवशिका मनुष्य लवकर उरकावे म्हणून उष्णता शेवटच्या खुणेपर्यंत चढवितो, आणि उन्हात टाकलेल्या पापडाची चूक पुन्हा करतो: वरची त्वचा कडक होऊन आतले पाणी कोंडले जाते, आणि चार दिवसांनी बरणीत बुरशी दिसते. फळे व भाज्या यांना ५५ ते ६० अंश पुष्कळ झाले; पुदिना, कोथिंबीर, कढीपत्ता यांचा सुगंध राखावयाचा तर ३५ ते ४० अंशांवरच थांबावे. (मांस-मासळीस मात्र हे प्रमाण लागू नाही, तिला ७० अंशांहून अधिक उष्णतेचा संस्कार अवश्य पाहिजे.) चकत्या अर्ध्या सेंटिमीटरच्या आणि एकसारख्या असाव्यात, एकीवर एक चढू नये, सोऱ्यातून कुरडईची तार सारख्या जाडीची पडावी असा जो आग्रह असे, तो केवळ देखणेपणासाठी नव्हता. गाजर, फरसबी यांना आधी उकळत्या पाण्याचा चटका द्यावा, केळ्या-सफरचंदांना लिंबाच्या रसाचा हात लावावा, म्हणजे रंग जात नाही. कांद्याशेजारी आंबा ठेवू नये. वारा वास वाहून नेण्यातही तितकाच तत्पर असतो. आणि १ किलो टोमॅटोतून जेमतेम ६० ग्रॅम हाती आले तर यंत्राला दोष देऊ नये; उरलेला ऐवज पाण्याचाच होता.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते शेवटच्या पायरीकडे. तबकावरून काढलेले तुकडे पूर्ण निवल्यावर काचेच्या बरणीत, थोडी जागा मोकळी ठेवून भरावेत आणि आठवडाभर ती बरणी रोज हलवून पाहावी, म्हणजे एका तुकड्यात मागे राहिलेला ओलावा इतरांत समान वाटला जातो. काचेवर बाष्प धरले तर सर्व जिन्नस पुन्हा तबकावर. आमच्या घरांतूनही पहिल्या उन्हाने वाळवण पुरे झाले असे कोणी मानीत नसे. संध्याकाळी आत घेतलेल्या कुरडया दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर जात, आणि मग एखादी वडीलधारी बाई मूठभर उचलून हलवून पाही. त्यांचा खडखड असा आवाज आला तरच डबा उघडावयाचा. ‘खडखडीत वाळले’ असे आपण म्हणतो, ते त्या कानाच्या परीक्षेचे शब्दरूप होय.

पेटीवर अंशांचे आकडे असतात, तासांची कळ असते. परंतु पदार्थ झाला की नाही हे ती सांगत नाही, ते आजही हातालाच आणि कानालाच ठरवावे लागते. झाकण नीट न लागलेल्या डब्यातील पापड श्रावणातल्या एखाद्या सकाळी मऊ, चिवट निघाला म्हणजे त्यासाठी मराठीत एकच नेमका शब्द आहे: सादळला. विजेच्या पेटीतून निघालेल्या चकतीलाही तोच लागू पडतो, आणि त्यावरचा उपायही तोच, पुन्हा एकदा वारा देणे.