काचघराची कुळी आणि निळ्या पालीची

दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. समोर काचेची दारं, वर बारीक जाळी, तळाशी खडी आणि माती, मातीत रुजलेली दोन-तीन झाडं, उभ्या लावलेल्या बांबूच्या नळ्या आणि वरून उतरणारा प्रखर उजेड. बुटक्या पालींची एक जोडी सांभाळायला एवढं घर पुरतं. या पाली शेपटीसकट जेमतेम बोटाएवढ्या असतात, दिवसा जाग्या असतात आणि उन्हात बसतात. आपल्या भिंतीवरच्या पालीशी त्यांचं नातं असलं तरी त्यांची बाहुली गोल असते, आणि काही प्रजातींचे नर फुलपाखरांनाही मागे टाकतील इतके रंगीत असतात. त्यांना पाळणारी माणसं जगभर आहेत आणि आता भारतातही आहेत. हे घर आज दुकानात तयार मिळतं, पण त्याचा प्रत्येक भाग वेगळ्या ठिकाणाहून आला आहे. ते भाग घडवणाऱ्यांपैकी एकालाही पाल पाळायची नव्हती.

या घराचा मूळ पुरुष लंडनचा एक डॉक्टर. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे त्याचं नाव. गोदीजवळच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये तो राहायचा, आणि त्याला नेच्यांचं वेड होतं. घरामागे दगड रचून त्याने नेचे लावले, पण कोळशाच्या धुराने ते एकेक करून मेले. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून, ती माती रुंद तोंडाच्या बाटलीत घालून वर झाकण लावलं. पतंग कसा बाहेर येतो ते त्याला पाहायचं होतं. दिवसा मातीतला ओलावा वर चढायचा, काचेवर त्याचे थेंब व्हायचे आणि ते पुन्हा मातीत उतरायचे. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं वर आलं. बागेत जे जगत नव्हतं ते बंद बाटलीत पाण्याविना जगत होतं. ती दोन रोपं जवळजवळ चार वर्षं टिकली. झाकण गंजून आत पावसाचं पाणी शिरलं तेव्हा ती गेली.

वॉर्डने मग लाकडी चौकटीच्या काचपेट्या करून घेतल्या. १८३३ साली नेचे आणि गवत भरलेल्या दोन पेट्या जहाजाच्या डेकवरून सिडनीला गेल्या आणि रोपं जिवंत पोहोचली. त्याच पेट्या ऑस्ट्रेलियातली रोपं घेऊन परत आल्या, तीही जिवंत. तोवर समुद्रावरून पाठवलेली बहुतेक रोपं खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याच्या टंचाईने वाटेतच मरत असत. आता अख्ख्या साम्राज्याची शेती पेटीत बसून हलू लागली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चोरून आणलेला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आला तो याच पेट्यांमधून. आपण सकाळी जो कप हातात घेतो त्याच्या इतिहासात वॉर्डची बाटली आहे, आणि त्या इतिहासात लूटही आहे. हे दुसरं विसरू नये, कारण पालीच्या गोष्टीत ते पुन्हा येतं.

पेटी घरोघर पोहोचायला आणखी एक गोष्ट घडावी लागली. ब्रिटनमध्ये काचेवर जबर कर होता, तो १८४५ साली उठला. काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत नेच्यांच्या पेट्या आल्या. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडलं. घरातल्या पेटीत झाडांबरोबर प्राणी ठेवण्याचं शास्त्र मात्र जर्मन छंदिष्टांनी उभं केलं. योहान फॉन फिशर यांचा ‘दास टेरारियम’ हा जाडजूड ग्रंथ १८८४ साली आला. त्याच्या पूर्ण नावातच पेटीतली लागवड आणि पेटीतली वस्ती या दोन्ही गोष्टी होत्या. आजही या छंदाचं मोठं केंद्र जर्मनीच आहे.

आता आतला उजेड. काचेच्या आडून येणारं ऊन पालीच्या कामाचं नसतं, कारण अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते. ते नसले की खाल्लेलं कॅल्शियम हाडांत उतरत नाही, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. हाच आजार माणसाच्या मुलांना होतो तेव्हा आपण त्याला मुडदूस म्हणतो. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने खंगलेल्या बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने १९१९ साली मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली बसवलं आणि त्यांची हाडं घट्ट होऊ लागल्याचं क्ष-किरणांच्या चित्रांनी दाखवलं. आज पालींच्या जाळीवर जी अतिनील नळी ठेवतात तिचं कूळ त्या दिव्याशी जाऊन भिडतं. जुन्या छंदिष्टांच्या हातून पेटीतल्या कितीतरी पाली मेल्या त्या या एका कारणाने, असं मला वाटतं.

आणि खाणं. बुटक्या पालीचं तोंड इतकं लहान की बाजारातला रातकिडा तिच्यापेक्षा दांडगा ठरतो. तिला लागतात केळ्यावर घोंघावणाऱ्या फळमाश्या, त्याही उडू न शकणाऱ्या. १९१० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन दुधाच्या बाटल्यांमधून फळमाश्या वाढवत होते. जनुकं रंगसूत्रांवर बसलेली असतात हे त्यांनी दाखवलं आणि पुढे नोबेल मिळवलं. पांढऱ्या डोळ्यांची माशी त्यांना सापडली, तशीच पंख खुरटलेलीही सापडली. उडता न येणाऱ्या अशा माश्यांचे वाण प्रयोगशाळांमधून पालीवाल्यांच्या फडताळात आले. माश्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून पेटीत सोडायच्या, सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचं, कारण पाली वाटीतून न पिता पानावरचे थेंब चाटतात. दिव्याखालची एक जागा तीस-बत्तीस अंशांपर्यंत तापली पाहिजे आणि रात्री पेटी थंड झाली पाहिजे. एका पेटीत एकच नर, नाहीतर मारामारी अटळ.

घराची कुळी अशी सरळ लागते. आत राहणाऱ्याची मात्र विचारावी लागते.

पूर्व टांझानियात उलुगुरू डोंगरांच्या पायथ्याशी किंबोझा नावाचं चुनखडीच्या खडकांतलं सखल जंगल आहे. क्षेत्र सुमारे चार चौरस किलोमीटर. त्यात ठिकठिकाणी केवड्याच्या कुळातली उंच झाडं आहेत, तशीच करवती पानं, तसंच पानांच्या बेचक्यांत साचलेलं पाणी. या झाडांच्या शेंड्यांत एक निळी पाल राहते. १९५२ साली हार्वर्डच्या आर्थर लव्हरिज यांनी तिचं वर्णन केलं आणि नैरोबीच्या संग्रहालयातल्या विल्यम्स या पक्षितज्ज्ञांच्या नावावरून तिला ‘लायगोडॅक्टायलस विल्यम्सी’ हे नाव दिलं. नर झगझगीत निळा, गळा काळा, पोट नारिंगी. मादी हिरवट-तपकिरी. बोटांना चिकटण्याच्या गाद्या असतातच, शिवाय शेपटीच्या टोकालाही तशीच गादी असते. म्हणजे गुळगुळीत पानावर तिला पाचवा पाय असतो. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते आणि ती आडोशाला चिकटवून टाकते. केवडा, किंबोझा आणि जवळच रुवूच्या जंगलातला काही भाग, जवळजवळ एवढंच तिचं जग.

पन्नास वर्षं तिला फारसं कोणी विचारलं नाही. २००४ च्या सुमारास ती युरोपच्या बाजारात आली आणि छंदिष्ट वेडे झाले. आकार छोट्या पेटीत मावणारा, दिवसा दिसणारी, आणि तो रंग! तोवर पेटी, दिवा आणि माश्या सगळं तयार होतं. आठवड्यात मरणारी पाल कोणी विकत घेतली नसती. ही जगत होती, म्हणून मागणी वाढली. शेंड्यातल्या पाली हाताला लागाव्यात म्हणून पकडणारे केवड्याचं झाडच तोडत. पाल जायची आणि तिच्यामागे राहिलेल्यांचं घरही जायचं. टांझानियाने या पालीच्या निर्यातीला परवाना दिलेला नव्हता, तेव्हा कागदावर दुसऱ्या बुटक्या पालींची नावं लागायची.

जर्मन आणि टांझानियन संशोधकांनी जंगलात जाऊन हिशेब मांडला आणि २०१२ साली छापला. डिसेंबर २००४ ते जुलै २००९ या काळात पकडणाऱ्यांच्या एकाच टोळीने किमान ३२,३१० ते ४२,६१० पाली नेल्या होत्या. २००९ मध्ये जंगलात उरलेल्या प्रौढ पालींचा अंदाज दीड लाखाच्या आसपास होता. हा लेख ‘सालामांड्रा’ या जर्मन नियतकालिकात आला, म्हणजे जिथे पालीप्रेमींची परंपरा सर्वांत जुनी, तिथल्याच लोकांनी दोष उघड केला. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. त्याच वर्षी ही निळी पाल अतिसंकटग्रस्त ठरली. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत तिला वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नियमन करणाऱ्या साइटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं आणि २ जानेवारी २०१७ पासून जंगलातून पकडलेल्या पालींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला.

त्याच परिषदेत आणखी एक पाल पहिल्या परिशिष्टात गेली. व्हिएतनामच्या होन खोआई बेटावरची ‘नेमॅस्पिस सायकेडेलिका’. २०१० मध्ये तिचं वर्णन छापलं गेलं आणि थोड्याच वर्षांत ती युरोपातल्या पेट्यांत दिसू लागली. चीनमधल्या एका पालीच्या बाबतीतही वर्णनात दिलेलं ठिकाण वाचून पकडणारे तिथे पोहोचले होते. म्हणून आता काही शास्त्रज्ञ नव्या प्रजातीचं नेमकं ठिकाण छापतच नाहीत.

नेमॅस्पिस हे नाव मराठी वाचकाला परकं वाटू नये. सह्याद्रीत त्याच नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या बुटक्या पाली आहेत. दाजीपूरच्या जंगलातली ‘कोल्हापुरेन्सिस’ २००९ मध्ये नोंदली गेली, कास पठाराजवळची ‘गिरी’ २०१४ मध्ये, आंबोलीची पिवळ्या पोटाची ‘फ्लॅविव्हेंट्रॅलिस’ २०१६ मध्ये. कोल्हापूरची पाल उन्हात धरली तर तिच्या अंगावर इंद्रधनुषी झाक उठते. यांच्यापैकी कितीतरी प्रजातींचा पसारा एखाद्या घाटमाथ्यापुरता, म्हणजे किंबोझाइतकाच लहान आहे. किंबोझात चार-पाच वर्षांत जे झालं ते इथे व्हायला एक पावसाळी हंगाम पुरेल.

पाळणाऱ्यांवर माझा राग नाही. पेटीत जन्मलेल्या पालीला नीट उजेड, ऊब आणि खाणं देणारा माणूस तिच्याविषयी जे शिकतो ते पुस्तकातून मिळत नाही, आणि पेटीत पैदास होऊ लागली की जंगलावरचा भार हलका होऊ शकतो. अट एवढीच की ती पैदास खरी असावी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यात साइटीसच्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आहे. असा प्राणी घरात असेल तर त्याची आणि त्याच्या पिल्लांचीही नोंद सरकारी पोर्टलवर करावी लागते. घाटातली पाल तर घाटातच पाहावी, उचलून आणू नये, आणि तिचं ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नये.

विकत घेताना आधी पालीची कुळी विचारा. ती कोणाकडे जन्मली, आई-बाप कोणते, ते देशात कसे आले, कागद कुठे आहेत. यातल्या एकाही प्रश्नाला विक्रेता अडखळला, तर व्यवहार तिथेच थांबवा.