कॅबरेच्या मंचापासून महोत्सवाच्या संचालनापर्यंत : रॉबिन आर्चर यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

‘कॅबरे’ म्हटले की मराठी वाचकास हिंदी चित्रपटांतील क्लबनृत्य आठवते. युरोपीय नाट्येतिहासात मात्र या संज्ञेचा आशय निराळा आहे. १८८१ मध्ये पॅरिस येथे सुरू झालेल्या ‘ल शा न्वार’पासून पुढे बर्लिनमध्ये रुजलेला कॅबरे म्हणजे लहानशा दालनात, प्रेक्षकांशी समोरासमोर बोलत, गीत व उपहास यांच्याद्वारे समाजावर आणि सत्तेवर केलेले भाष्य होय. या परंपरेचा वारसा ऑस्ट्रेलियात चालविणाऱ्या गायिका, लेखिका व महोत्सव-संचालिका रॉबिन आर्चर यांच्या कारकिर्दीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सत्तेची खिल्ली उडविणारा कलावंत शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेचा सूत्रधार झाला, तर त्याच्या कलादृष्टीचे काय होते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

जडणघडण व रंगमंचीय कार्य

आर्चर यांचा जन्म १९४८ मध्ये अॅडलेड येथे झाला. वडील गायन व विनोदी निवेदन करणारे कलावंत असल्याने रंजनाचे संस्कार घरातच झाले. १९७४ मध्ये ब्रेख्त व कुर्ट वाइल यांच्या ‘सेव्हन डेडली सिन्स’ मध्ये त्यांनी पहिल्या अॅनाची भूमिका गायिली. ब्रेख्त व वाइल यांना १९३३ मध्ये नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागली, त्याच वर्षी पॅरिस येथे ही कृती प्रथम सादर झाली होती. तीत दोन अॅना आहेत. एक नाचते, दुसरी गाते आणि व्यवहार सांभाळते. कलावंत आणि व्यवस्थापक यांचे हे द्वंद्व आर्चर यांच्या पुढील आयुष्यातही दिसते.

त्यानंतर त्यांनी ‘थ्री पेनी ऑपेरा’ मध्ये जेनीची भूमिका केली. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ सिद्ध केला व १९७८ मध्ये तो पुण्याच्या थिएटर अकादमीने रंगमंचावर आणला, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. ‘अ स्टार इज टॉर्न’ (१९७९) या प्रयोगात आर्चर यांनी बेसी स्मिथ, बिली हॉलिडे, ज्युडी गार्लंड आदी अकाली निधन पावलेल्या गायिकांची शोकांतिका उभी केली. पुढे हा प्रयोग लंडनच्या वेस्ट एंडमध्येही चालला.

कलानेतृत्व

१९९३ ते १९९५ या काळात त्यांनी कॅनबेरा येथील राष्ट्रीय नाट्यमहोत्सवाचे, तर १९९८ व २००० मध्ये अॅडलेड महोत्सवाचे संचालन केले. टास्मानिया बेटावरील ‘टेन डेज ऑन द आयलंड’ (२००१) ची आखणी विशेष उल्लेखनीय आहे. जगातील अन्य बेटांवरील कलावंतांना तेथे निमंत्रण होते आणि कार्यक्रम केवळ राजधानीत न ठेवता बेटभर विखुरले होते. मोठ्या महोत्सवातही लहान प्रेक्षकवर्गाशी थेट संवाद साधण्याची ही कॅबरेचीच दृष्टी होय. २००२ ते २००४ या काळात त्या मेलबर्न महोत्सवाच्या संचालिका होत्या.

मात्र हा प्रवास निर्वेध नव्हता. २००८ च्या युरोपीय सांस्कृतिक राजधानी उपक्रमासाठी लिव्हरपूल येथे त्यांची नियुक्ती झाली होती. परंतु २००६ मध्येच त्यांनी पद सोडले. कॅनबेराच्या २०१३ मधील शताब्दीसाठी पॅट्रिशिया पिच्चिनिनी यांचा ‘स्कायव्हेल’ हा अनेक स्तन असलेला महाकाय फुगा आकाशात उडाला, तेव्हा सार्वजनिक पैशाच्या विनियोगावरून वादंग माजले. आर्चर यांनी या कलाकृतीची पाठराखण केली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, अधिकारपद मिळाल्याने आर्चर यांची कॅबरेवृत्ती लोपली नाही. तिचे क्षेत्र विस्तारले. दालनातील प्रेक्षकांस अस्वस्थ करणारी कला त्यांनी नगराच्या चौकात आणली. तथापि गायिकेला केवळ श्रोत्यांस उत्तर द्यावे लागते. संचालिकेला करदाते, राजकारणी व मंडळे या सर्वांस. ही किंमत मोजूनही वयाच्या सत्तरीनंतर त्या गातच राहिल्या. व्यवहार सांभाळणाऱ्या अॅनाने गाणे सोडले नाही, यातच या दीर्घ कारकिर्दीचे ऐतिहासिक महत्त्व सामावले आहे.