जिवंत पेशींची आणेवारी

नगर-सोलापूर रस्त्यावर, कर्जत तालुक्यात वसलेल्या मिरजगावासारख्या अवर्षणप्रवण गावी पिकाची खरी कैफियत जाणून घेण्याचे सरकारदरबारी दोन मार्ग रूढ होते: एक नजरेने आणेवारी ठरविण्याचा, आणि दुसरा निवडलेल्या तुकड्यातील पीक कापून, मळून, तोलून पाहण्याचा; पहिला अदमासाचा व दुसरा निश्चयाचा खरा, परंतु ज्या पिकाविषयी निश्चय झाला ते तोवर उभे राहिलेले नसे. प्रयोगशाळेतील पेशींबाबतही दीर्घकाळ हाच पेच होता.

१९०७ साली रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या मज्जातंतूची वाढ शरीराबाहेर, गोठलेल्या लसिकेत घडवून दाखविली, तेव्हापासून पेशींवर पहारा होता तो सूक्ष्मदर्शकाचाच. या विद्येतील एक मानाचा अध्याय पुण्यात, आणि तोही डासांच्या कृपेने, लिहिला गेला: १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणु संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस डासांच्या नवजात अळ्यांपासून अखंड वाढणारे पेशींचे वाण सिद्ध केले, आणि त्यातूनच इगाराशी यांनी १९७८ मध्ये निवडलेली सी६/३६ ही शाखा आजही डेंग्यूचे विषाणू वाढविण्यासाठी जगभर वापरात आहे. तथापि पेशींच्या अंतरंगाची खात्री करावयाची तर बहुधा त्यांना रंगवावे किंवा फोडावे लागे, म्हणजे साक्षीदाराची जबानी त्याच्या मरणानंतर!

या पेचातून वाट काढली ती १९७३ चे नोबेल मिळविलेल्या आयव्हर गिएव्हर या पदार्थवैज्ञानिकाने. १९८४ साली चार्ल्स कीस यांच्यासह त्यांनी सोन्याच्या बारीक विद्युदग्रावर पेशी वाढवून त्यातून क्षीण प्रत्यावर्ती प्रवाह सोडला. पेशीचे पटल विजेस अडविते, म्हणून ती पसरली की अवरोध वाढतो, सुटली की घटतो, आणि तिची बारीकशी चुळबुळही आकड्यांत उमटते.

हाच पहारा पुढे जिवंत पेशींपासून अवयवाची नक्कल करणाऱ्या चिपींपर्यंत पोहोचला: २०१० साली हार्वर्ड येथे डॉन्गउन हुह व डॉनल्ड इंगबर यांनी श्वास घेणाऱ्या फुप्फुसाची चिप घडविली, आणि २०१७ पर्यंत हृदय व यकृत यांच्या जोडचिपींवर प्राणवायू, आम्लता व तापमान यांचे संवेदक तैनात झाले. मार्च २०२३ च्या दुरुस्तीने भारतीय औषध-चाचणी नियमांतही अशा चिपींना स्थान मिळाल्यामुळे त्यांच्या दप्तराची विश्वसनीयता हा आता निव्वळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय उरलेला नाही. अडचण अशी की, पेशींनी स्रवलेली प्रथिनेच विद्युदग्रावर साचून त्याची नोंद हळूहळू ढळू लागते. म्हणून २०१७ च्या त्या यंत्रणेत प्रथिने ओळखणाऱ्या संवेदकांचा पृष्ठभाग धुऊन नव्याने सज्ज करण्याचीही तजवीज करावी लागली होती.