मदतीच्या गव्हापासून निर्यातीच्या जहाजापर्यंत : दक्षिण कोरियाचा धडा

२७ जुलै १९५३ रोजी कोरियातील तोफा शांत झाल्या, तेव्हा त्या द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात जगाला विकण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. तीन वर्षांच्या युद्धात राजधानी सेऊल चार वेळा एका सैन्याच्या हातून दुसऱ्या सैन्याच्या हाती गेली होती. जपानी अमदानीत उभे राहिलेले अवजड कारखाने आणि जलविद्युत केंद्रे बहुतांशी उत्तरेत राहिली होती. उत्तरेने तर युद्धापूर्वीच, १९४८ च्या मे महिन्यात, दक्षिणेचा वीजपुरवठा तोडून टाकला होता. दक्षिणेच्या वाट्याला आली ती भातशेती, निर्वासितांचे लोंढे आणि परदेशी मदतीच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेली बंदरे.

याच देशाची वार्षिक आयात-निर्यात २०११ साली एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली. त्याआधी, १ जानेवारी २०१० पासून, श्रीमंत राष्ट्रांच्या ज्या समितीत विकासासाठी मदत देणारे देश बसतात, तिचा तो सभासद झाला. एका माणसाच्या आयुष्यात घेणाऱ्याचा हात देणाऱ्याचा झाला. परदेशी मदतीच्या बळावर व्यापार उभा राहतो काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना अभ्यासक पुन्हा पुन्हा कोरियाकडे वळतात ते याचमुळे. परंतु ही कहाणी जितकी सरळ सांगितली जाते तितकी सरळ नाही. तिच्यात वाया गेलेली वर्षे आहेत आणि न दिसणारे अश्रूही आहेत.

पीठ, साखर आणि कापूस

युद्धानंतरच्या दशकात कोरियाच्या एकूण आयातीपैकी सुमारे सत्तर टक्के आयात परदेशी मदतीतून होत होती. त्या मदतीचा फार मोठा भाग अमेरिकेचा होता. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९५० मध्ये स्थापन केलेल्या पुनर्बांधणी संस्थेनेही सिमेंट आणि काचेचे कारखाने उभारून दिले. १९५५ नंतर अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखाली गहू आणि कापूस येऊ लागला. आपल्याकडील ज्येष्ठ वाचकांना दुष्काळात रेशनच्या दुकानावर मिळणारा तांबडा मिलो आठवत असेल. भारतात येणारे अमेरिकन धान्यही याच कायद्याच्या वाटेने येत असे.

हे धान्य सगळेच फुकट वाटले जात नसे. बराचसा माल देशातल्या गिरण्यांना विकला जाई आणि विक्रीतून आलेले कोरियन चलन, म्हणजे तेव्हाचे ह्वान, एका वेगळ्या खात्यात जमा होई. ते पैसे कोठे खर्चायचे हे दोन्ही सरकारे मिळून ठरवीत. सरकारी अंदाजपत्रकाचा मोठा भाग त्या खात्यावर चाले. गव्हाचे पीठ, कच्च्या साखरेची पांढरी साखर आणि कापसाचे सूत या तीन मालांवर देशातले पहिले मोठे कारखानदार उभे राहिले. तिन्ही वस्तू पांढऱ्या, म्हणून कोरियन लोक त्यांना ‘तीन पांढरे उद्योग’ म्हणू लागले.

या व्यवस्थेला दोन मोठी छिद्रे होती. स्वस्त परदेशी धान्याने शेतमालाचे भाव पडले आणि देशातली गहू व कापसाची शेती मोडीत निघत गेली. दुसरे छिद्र अधिक खोल होते. राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांच्या सरकारने ह्वानचा अधिकृत भाव मुद्दाम चढा ठेवला होता. देशात असलेल्या परकीय सैन्याला स्थानिक खर्चासाठी ह्वान लागत आणि त्याची परतफेड डॉलरमध्ये होई. ह्वान जितका महाग, तितके अधिक डॉलर सरकारी तिजोरीत पडत. पण याच चढ्या भावामुळे परदेशी माल विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती डॉलरमागे अगदी थोडे ह्वान येत. साहजिकच बाहेर माल विकण्यापेक्षा मदतीतून आलेल्या डॉलरचा किंवा आयातीचा परवाना पदरात पाडून घेणे अधिक फायद्याचे ठरले. सरकारदरबारी ज्याची ओळख, त्याच्या घरी लक्ष्मी! १९६० साली कोरियाची निर्यात होती सुमारे तीन कोटी तीस लाख डॉलरची. टंगस्टनची खनिजे, कच्चे रेशीम, मासळी आणि वाळवलेले समुद्रशैवाल हा तिचा माल. आयात मात्र चौतीस कोटी डॉलरच्या घरात होती. दशकभर मदत येऊनही व्यापार असा पांगळाच राहिला होता.

दर बदलला, दिशा बदलली

मग असे काय घडले? पहिली गोष्ट म्हणजे मदत आटू लागली. १९५७ साली तिने अडतीस कोटी डॉलरचा टप्पा गाठला होता. त्यानंतर ती उतरत गेली आणि हा ओघ कायमचा नाही हे सेऊलमधील अधिकाऱ्यांना कळून चुकले. एप्रिल १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने ऱ्ही यांना सत्ता सोडावी लागली. १६ मे १९६१ रोजी जनरल पार्क चुंग ही यांनी लष्करी बंड करून सत्ता हाती घेतली. त्याच वर्षी आर्थिक नियोजनाचे मंडळ स्थापन झाले आणि १९६२ साली परदेशी बाजारपेठांची माहिती गोळा करून उत्पादकांना पुरवणारे सरकारी व्यापार महामंडळ निघाले.

निर्णायक पाऊल मे १९६४ मध्ये पडले. अमेरिकन सल्लागारांच्या आग्रहाने, आणि त्या आग्रहामागे मदत रोखून धरण्याचा दबावही होताच, वॉनचा दर डॉलरला १३० वरून २५५ वर आणण्यात आला. शंभर डॉलरचा माल परदेशी विकणाऱ्याला अधिकृत दराने पूर्वी तेरा हजार वॉन मिळत, आता साडेपंचवीस हजार मिळू लागले. निर्यातदारांना स्वस्त कर्ज, कच्च्या मालावर करमाफी, असे उत्तेजन त्याला जोडून आले. ३० नोव्हेंबर १९६४ रोजी वर्षाची निर्यात दहा कोटी डॉलरवर पोहोचली आणि तो दिवस ‘निर्यात दिन’ म्हणून साजरा होऊ लागला. पुढल्या वर्षापासून पार्क स्वतः दरमहा निर्यातीची बैठक घेऊ लागले. कोणत्या मालाला कोठे अडचण आली याचा जाब तेथे थेट विचारला जाई.

सुरुवातीचा माल अगदी साधा होता : सुती कापड, शिवलेले कपडे, प्लायवूड, आणि केसांचे टोप. गावोगाव फिरून स्त्रियांचे कापलेले केस विकत घेतले जात आणि शहरातल्या कारखान्यांत मुली त्यांचे टोप विणत. कम्युनिस्ट चीनमधील केसांना अमेरिकेने आपला बाजार बंद केला, तेव्हा ती जागा कोरियाने भरून काढली. १९७० साली एकूण निर्यातीच्या जवळजवळ एक-दशांश निर्यात या टोपांची होती. १९७७ च्या अखेरीस वर्षाची निर्यात हजार कोटी डॉलरवर गेली.

मदतीने मागे काय ठेवले?

याचा अर्थ पहिल्या दशकातील मदत वाया गेली असा नव्हे. गहू खाऊन संपला, पण त्याच काळात बांधलेल्या शाळा उरल्या. १९४५ साली प्रौढांपैकी पाचांत जेमतेम एकाला लिहिता-वाचता येत होते. वीस वर्षांत निरक्षरता अल्प राहिली. जमीन सुधारणेने कुळे जमिनीची मालक झाली होती आणि ती कुटुंबे मुलांना शाळेत धाडू लागली होती. चुंग्जू येथील खत कारखाना अमेरिकन मदतीने उभा राहिला. तो रेंगाळला, महाग पडला. परंतु त्याच्या उभारणीत शिकलेले कोरियन अभियंते पुढे इतर कारखान्यांत कामी आले. १९६६ साली अमेरिकेच्या साहाय्याने विज्ञान आणि तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली आणि परदेशी गेलेले कोरियन शास्त्रज्ञ मायदेशी परतू लागले.

१९६५ साली जपानशी झालेल्या करारातून तीस कोटी डॉलर अनुदानाचे आणि वीस कोटी कर्जाचे मिळाले. त्यातील एक हिस्सा पोहांगच्या पोलाद कारखान्यात गेला. पाश्चात्त्य सावकारांनी या कारखान्याला पैसा नाकारला होता. १९७३ साली त्यातून पोलाद बाहेर पडू लागले आणि पुढे जहाजे नि मोटारी तयार होऊ लागल्या. मात्र जपानी राजवटीत वेठबिगारीला जुंपलेल्या माणसांच्या नुकसानभरपाईचा प्रश्न या करारात बुजवला गेला, आणि त्याची जखम पुढे अनेक दशके वाहत राहिली.

एक गोष्ट मात्र मदतीच्या हिशेबात सहसा धरली जात नाही. अमेरिकेने कोरियाला केवळ गहू आणि सल्लागार दिले नाहीत, आपला बाजारही खुला ठेवला. घेणारा गिऱ्हाईक नसता, तर कुशल हात आणि योग्य दर यांचा काय उपयोग झाला असता? त्याच काळात दक्षिण व्हिएतनाममध्येही अमेरिकन मदतीचा महापूर लोटला होता. तेथे ना स्वतःची निर्यात उभी राहिली, ना ते राज्य १९७५ नंतर उरले.

किंमत कोणी मोजली?

निर्यातीचे आकडे चढत असताना ज्यांचे हात ते आकडे घडवत होते, त्यांचे काय झाले? सेऊलच्या शांती बाजारातील शिवणकामाच्या कोंदट खोल्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुली दिवसाला चौदा-चौदा तास वाकून बसत. त्यांची दाद लावण्यासाठी चॉन ते-इल हा तरुण शिंपी कामगार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून थकला. अखेर १३ नोव्हेंबर १९७० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःला पेटवून घेतले. देशात कामगार कायदा होता. तो पाळा, आम्ही यंत्रे नाही, एवढेच त्याचे मागणे होते.

कॅथलिक ख्रिस्तसभेचा या इतिहासाशी संबंध आला तो याच ठिकाणी. इंचॉन धर्मप्रांतातील गांग्ह्वा बेटावर कापडाच्या गिरण्या होत्या. तेथे युवा ख्रिस्ती कामगार चळवळीतील तरुण-तरुणींनी १९६७ साली संघटना बांधली. १९६८ च्या जानेवारीत गिरणीमालकांनी मिळून जाहीर केले की, या चळवळीच्या सभासदांना यापुढे कामावर घेतले जाणार नाही. तेव्हा कोरियातील महागुरूंनी फेब्रुवारीत एकमुखाने निवेदन काढून कामगारांच्या हक्कांची बाजू घेतली. मासानचे महागुरू किम सू-ह्वान त्यात अग्रभागी होते. तेच पुढे सेऊलचे आर्चबिशप आणि १९६९ साली कार्डिनल झाले. अल्पसंख्य असलेल्या या ख्रिस्तसभेने त्या दिवशी निर्यातीच्या घोषणांपेक्षा माणसाची बाजू वरचढ मानली.

याच्या वर्षभर आधी, २६ मार्च १९६७ रोजी, पोप सहावे पॉल यांचे राष्ट्रांच्या विकासावरील परिपत्रक प्रसिद्ध झाले होते. त्यातील एक विचार येथे आठवण्याजोगा आहे. श्रीमंत राष्ट्रांनी एका हाताने मदत द्यावी आणि विषम व्यापाराच्या दुसऱ्या हाताने ती काढून घ्यावी, तर त्या मदतीला अर्थ राहत नाही. खुला बाजार न्याय्य ठरतो तो बरोबरीच्यांमध्ये. दुबळा आणि बलिष्ठ समोरासमोर आले, तर करारावरची दोघांची सही म्हणजे न्याय नव्हे. हे तत्त्व जितके दोन देशांना लागू, तितकेच गिरणीमालक आणि गिरणीत राबणारी मुलगी यांनाही लागू आहे.

आजच्यासाठी

डिसेंबर २००५ मध्ये हाँगकाँग येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत गरीब देशांसाठी ‘व्यापारासाठी मदत’ हा उपक्रम पुढे आला. बंदरे, रस्ते, मालाच्या तपासणीच्या प्रयोगशाळा, जकात खात्याची सुधारणा यांना पैसा पुरवणे हा त्याचा हेतू. कोरियाची पहिली सात-आठ वर्षे नजरेसमोर ठेवली, तर केवळ पैशाने काही साधत नाही हे कळते. जी मदत खाऊन संपते ती जीव वाचवते आणि म्हणून तीही पवित्र आहे. पण व्यापार उभा राहतो तो मागे उरणाऱ्या मदतीवर : शिकलेल्या मुलावर, अनुभव घेतलेल्या अभियंत्यावर, खऱ्या विनिमय दरावर आणि उघड्या बाजारावर. आपली गरज उरू नये अशा रीतीने दिलेली मदत हीच खरी मदत होय.

आणि एवढे सारे जमूनही हिशेब पुरा होत नाही. आपल्या धर्मग्रामांतूनही परदेशी दात्यांच्या पैशाने शिवणवर्ग आणि गृहोद्योग सुरू होत आले आहेत. तेथे यंत्रे किती आली, माल किती खपला, याची नोंद आपण आवर्जून ठेवतो. शिवणाऱ्या मुलीच्या हाती संध्याकाळी काय पडले, याची नोंदही त्याच वहीत, त्याच पानावर असायला हवी. कोरियाच्या निर्यातीच्या वहीत ते पान फार वर्षे कोरे राहिले, आणि ते लिहून घेण्यासाठी एका बावीस वर्षांच्या तरुणाला आपला प्राण द्यावा लागला.