देबू, अस्ताद

(१३ जुलै १९४७ – १० डिसेंबर २०२०). भारतीय समकालीन नृत्याच्या प्रवर्तकांपैकी एक नर्तक व नृत्यरचनाकार. जन्म गुजरातमधील नवसारी येथे पारशी कुटुंबात. बालपण कोलकाता व जमशेटपूर येथे गेले. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्यांनी कथकचे शिक्षण घेतले. प्रल्हाद दास हे त्यांचे गुरू. वाणिज्य शाखेच्या शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि पुढे हेच शहर त्यांची कर्मभूमी ठरले. मुंबईत त्या काळी सचिन शंकर, पार्वतीकुमार आदींच्या नृत्यनाट्यांची परंपरा रुजलेली होती. तथापि अमेरिकन नर्तक मरी लूइस यांच्या संचाचा प्रयोग पाहून देबू आधुनिक नृत्याकडे ओढले गेले.

१९६९ मध्ये मालवाहू जहाजाने त्यांनी भारत सोडला व मजल दरमजल करीत यूरोप गाठले. लंडन येथे त्यांनी मार्था ग्रॅहॅमप्रणीत नृत्यतंत्राचे, तर न्यूयॉर्कमध्ये होसे लिमोन यांच्या तंत्राचे शिक्षण घेतले. जर्मनीतील वुपरटाल येथे पिना बाउश यांच्या संचाबरोबरही त्यांनी काम केले. १९७७ मध्ये स्वदेशी परतल्यावर त्यांनी ई. के. पणिक्कर यांच्याकडे कथकळीचे रीतसर अध्ययन केले. परदेशातील दीर्घ शिक्षणानंतर पुन्हा एका पारंपरिक शैलीचे शिष्यत्व पतकरणे, ही त्यांच्या जडणघडणीतील निर्णायक घटना होय.

या शैलींची केवळ सरमिसळ न करता त्यांनी स्वतःची नृत्यभाषा सिद्ध केली. अतिविलंबित लयीतील गिरक्या, दीर्घकाळ टिकविलेली स्थिरता आणि चेहऱ्याचा संयत वापर ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये. कथकमधील गिरकी द्रुत लयीत खुलते. देबूंनी तीच संथ करून तिला चिंतनाचे रूप दिले. त्यांच्या नृत्याला मान्यता मात्र सहजासहजी लाभली नाही. भारतीय प्रेक्षकांस ते फार पाश्चात्त्य, तर पाश्चात्त्यांस पुरेसे भारतीय वाटत नसे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. गुरुपरंपरा, ठरलेला नृत्यक्रम व जाणता प्रेक्षकवर्ग यांचा शास्त्रीय नर्तकास मिळणारा आधार त्यांना नव्हता.

१९८६ मध्ये पिअर कार्दँ यांनी बोल्शॉयच्या विख्यात नर्तकी माया प्लिसेत्स्काया यांच्यासाठी नृत्यरचना करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कोलकात्याच्या 'ॲक्शन प्लेअर्स' या संस्थेतील कर्णबधिर कलावंतांबरोबर व पुढे चेन्नईच्या क्लार्क शाळेतील विद्यार्थिनींबरोबर त्यांनी प्रयोग केले. संगीत ऐकू न येणाऱ्या नर्तकांना मात्रांची मोजणी व दृष्टिसंकेत यांच्या साह्याने लय आत्मसात करता येते, हे त्यांनी रंगमंचावर सिद्ध केले. या विद्यार्थिनींनी २००५ मध्ये मेलबर्न येथील कर्णबधिरांच्या ऑलिंपिक स्पर्धेच्या प्रसंगी नृत्य सादर केले. मणिपूरचे थांग-ता योद्धे व पुंग चोलोम वादक-नर्तक, तसेच दिल्लीतील 'सलाम बालक ट्रस्ट'ची मुले यांच्यासमवेतही त्यांनी रचना केल्या. एम. एफ. हुसेन यांच्या मीनाक्षी : अ टेल ऑफ थ्री सिटीज (२००४) या चित्रपटासाठीही त्यांनी नृत्यदिग्दर्शन केले.

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९९५) व पद्मश्री (२००७) हे सन्मान त्यांना लाभले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःचे घराणे निर्माण केले नाही. परंतु परंपरेत मुरलेला नर्तक तिच्या चौकटीबाहेरही स्वतंत्रपणे उभा राहू शकतो, हे त्यांच्या सुमारे पाच दशकांच्या कारकीर्दीने दाखवून दिले.